आरसा की दप्तर? : यंत्रनिर्मित चित्रे आणि समाजदर्शनाचा प्रश्न

'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे विधान मराठीच्या वर्गात आता कोणी गांभीर्याने मांडत नाही. पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते अजूनही पहिल्या वाक्यात आढळते आणि परीक्षक त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. या रूपकाची झीज होण्यामागे बराच मोठा वैचारिक इतिहास आहे. आरसा हाती घेऊन चहूकडे फिरवणाऱ्याची उपमा प्लेटोने चित्रकाराची किंमत कमी करण्यासाठी योजली होती. एकोणिसाव्या शतकातील वास्तववादाने तीच उपमा गौरवार्थी वापरली. मराठीत हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांविषयी लिहिताना ती दीर्घकाळ कामी आली. पुढे मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या आधारे कलाकृतीची स्वायत्तता प्रतिपादन केली, मार्क्सवादी समीक्षेने 'प्रतिबिंब' ही संज्ञा अधिक काटेकोर करण्याचा प्रयत्न केला, रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन टोकांमधील ताण तपशिलाने उलगडून दाखवला. दलित साहित्याने तर आरसा कोणाच्या हाती आहे आणि त्यात कोण कधीच दिसलेले नाही, हाच प्रश्न पुढे ठेवला. एवढ्या वादांनंतर हे रूपक सेवानिवृत्त झाले असे समजण्यास हरकत नव्हती.

ते आता वेगळ्याच दाराने परतले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण होणारी चित्रे आणि या बुद्धिमत्तेलाच आपला विषय करणारी दृश्यकला यांविषयीच्या चर्चेत 'यंत्र हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य वारंवार येते. यंत्राने पक्षपाती चित्र काढले की, समाजच पक्षपाती आहे, आरशाला दोष कशाला, असे म्हटले जाते. या युक्तिवादात तथ्यांश आहे. परंतु तो जेवढे उघड करतो त्यापेक्षा अधिक झाकतो. यंत्र आरशासारखे वागत नाही. ते दप्तरासारखे वागते. आणि दप्तराची चिकित्सा कशी करावी याचा अनुभव मराठी समाजाला, त्यातही कोल्हापूरच्या परिसराला, पुष्कळ आहे.

आरशाचे कार्य घडण्यासाठी समोर वस्तू असावी लागते. चित्र निर्माण करणाऱ्या यंत्रणेसमोर वस्तू कधीच नसते. तिच्यासमोर असतात ती वस्तूंची पूर्वी कोणीतरी काढलेली चित्रे आणि त्या चित्रांसोबत कोणीतरी लिहिलेले शब्द. अशा कोट्यवधी जोड्यांवरून कोणत्या शब्दासोबत कोणते रूप किती संभवते, याचे गणित यंत्र बांधते आणि नवा शब्दप्रयोग समोर आला की त्या गणिताच्या आधारे निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने रूप घडवत नेते. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'लायन-५बी' या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या. त्यांपैकी २३२ कोटींच्या आसपास जोड्यांतील मजकूर एकट्या इंग्रजीचा होता. उरलेल्या साऱ्या भाषा मिळूनही त्या संख्येपर्यंत पोचत नव्हत्या. म्हणजे यंत्राची दृष्टी मुळात भाषेतून घडलेली आहे. चित्राखाली काय लिहिले गेले, यावर पुढे काय दिसेल हे ठरते. हा विषय केवळ संगणकशास्त्राचा किंवा चित्रकलेचा नसून भाषा शिकवणाऱ्यांचाही आहे, तो यामुळे.

'इमेजनेट' या संग्रहाचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. २००९ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि पुढे सुमारे १ कोटी ४० लाख चित्रांपर्यंत वाढलेल्या या संग्रहाचा सांगाडा 'वर्डनेट' या इंग्रजी शब्दकोशात्मक प्रकल्पातून घेतला गेला. कोशातील नामे हीच चित्रांची वर्गवारी झाली. कोणते चित्र कोणत्या नामाखाली बसवायचे, हे काम इंटरनेटवरून मिळालेल्या हजारो कंत्राटी माणसांनी नगावर मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यात केले. टेबल, सफरचंद, कुत्रा यांच्या बाबतीत यातून फारसा अनर्थ ओढवत नाही. पण कोशात माणसांसाठीही नामे असतात: कर्जबुडवा, व्यभिचारिणी, अपयशी, गुन्हेगार. ही नामे कोशात असणे हा दोष नव्हे. कोशाने भाषेत जे आहे ते नोंदवायचेच असते. पण त्या नामाखाली कोणा अनोळखी माणसाचे छायाचित्र डकवले की कोशाची नोंद आरोपपत्र होते.

केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅग्लेन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीतील मिलान येथे, 'फोंडाझिओने प्राडा' या संस्थेच्या दालनात, 'ट्रेनिंग ह्यूमन्स' हे प्रदर्शन मांडले, ते नेमके या नोंदींचे. यंत्रांना माणसे ओळखायला शिकवण्यासाठी वापरलेली छायाचित्रे त्यांनी भिंतीवर लावली. त्यासोबतच्या 'इमेजनेट रूलेट' या भागात प्रेक्षकाने स्वतःचा चेहरा यंत्रासमोर धरला की यंत्र त्याला एक नाम बहाल करीत असे. काहींना निरुपद्रवी नामे मिळाली, काळ्या वर्णाच्या काहींना गुन्हेगारीवाचक नामे मिळाली. याच सुमारास संग्रहाच्या कर्त्यांनी माणसांची सुमारे ६ लाख छायाचित्रे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. दशकभर संशोधकांच्या हाती असलेल्या संग्रहाकडे कलेच्या दालनातून पाहिले गेल्यावर त्यातील नोंदी सर्वांना वाचता आल्या, ही गोष्ट लहान नाही.

या प्रदर्शनात रंगरेषांचे लालित्य शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही, हे मान्य करावे लागते. याउलट, जिथे लालित्य आहे आणि किंमतही आहे, तिथे हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात 'एडमंड द बेलामी' हे यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले. लिलावापूर्वीचा अंदाज १० हजार डॉलरच्या आतला होता. चौदाव्या ते विसाव्या शतकातील सुमारे १५ हजार व्यक्तिचित्रे यंत्राला दाखवून ते घडवले होते आणि चित्रकाराच्या स्वाक्षरीच्या जागी एक गणिती सूत्र छापले होते. त्या वेळी सारी चर्चा 'यंत्र कलावंत होऊ शकते काय' या प्रश्नाभोवती फिरली. प्रश्न आकर्षक खरा, पण वांझ. युरोपात पाच-सहा शतके स्वतःचे व्यक्तिचित्र काढून घेण्याची ऐपत कोणाची होती, आणि म्हणून त्या १५ हजारांत कोण होते, हा अधिक फलदायी प्रश्न बाजूलाच राहिला. चित्रातला धूसर, काळ्या कोटातला सद्गृहस्थ हे त्याचेच उत्तर होते. ते कोणी वाचले नाही. रेफिक अनाडोल यांच्या 'अनसुपरवाइज्ड' (२०२२) या प्रचंड पडद्यावरील कलाकृतीविषयीही असेच म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील १ लाख ३८ हजारांहून अधिक नोंदींवर ती आधारलेली आहे. लाटांसारखी उसळणारी ती रंगराशी डोळ्यांना सुखावते. त्या संग्रहात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, याविषयी ती अवाक्षर काढत नाही.

भारतात या विषयाला फार उशिरा हात घातला गेला असे मात्र नाही. क्रिस्टीजच्या त्या लिलावाच्या सुमारे दोन महिने आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, दिल्लीच्या 'नेचर मॉर्ट' या कलादालनात 'ग्रेडियंट डिसेंट' हे यंत्रबुद्धीच्या साहाय्याने घडलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन झाले. त्यात सहभागी असलेल्या हर्षित अग्रवाल यांनी रेम्ब्रांटच्या शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्राच्या शीर्षकावर कोटी करून 'डॉ. अल्गोरिदम' यांचा शरीररचनेचा पाठ मांडला. त्यांच्या 'मास्क्ड रिअॅलिटी' या कामात प्रेक्षकाचा चेहरा यंत्राच्या साहाय्याने कथकळीच्या आणि तेय्यमच्या मुखरंगात रूपांतरित होतो. केरळमधील या दोन प्रयोगरूपांमागे भिन्न जातिसमूह उभे आहेत. एकाच चेहऱ्यावर दोन्ही मुखरंग चढतात, तेव्हा प्रेक्षक क्षणभर स्वतःच्या सामाजिक स्थानापासून सुटतो. तथापि येथेही एक शंका उरते. तेय्यमचा मुखरंग लावण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्रताने आणि तितक्याच पिढ्यांच्या अवहेलनेने मिळतो. यंत्र तो कोणालाही निमिषार्धात देते. याला मुक्ती म्हणावे की उसनवारी, हे कलाकृती ठरवत नाही. ती ते ठरवत नाही हेच तिचे बलस्थान आहे, असे म्हणणारे समीक्षक भेटतील. पण हे उत्तर सोयीचे आहे.

भारतीय माणसाविषयी यंत्राच्या दप्तरात काय आहे, हे २०२३ मध्ये 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने केलेल्या पाहणीतून दिसले. 'मिडजर्नी' या यंत्रणेला 'एक भारतीय व्यक्ती' एवढेच शब्द वारंवार दिले असता निर्माण झालेली जवळजवळ सर्व चित्रे फेटा किंवा पगडी घातलेल्या, दाढीधारी, वृद्ध पुरुषांची होती. स्त्रिया जवळजवळ नाहीत, तरुण नाहीत. हे भारतीय समाजाचे प्रतिबिंब आहे असे कोणी म्हणणार नाही; १४० कोटींच्या देशात अशा पुरुषांचे प्रमाण ते कितीसे असणार? हे प्रतिबिंब आहे ते भारतात येऊन छायाचित्रे काढणाऱ्यांच्या आवडीचे आणि त्या छायाचित्रांखाली इंग्रजीत 'भारतीय' असे लिहिणाऱ्यांच्या सवयीचे. मुंबईच्या लोकलमधून कचेरीला जाणाऱ्या बाईच्या छायाचित्राखाली 'भारतीय' असे कोणी लिहीत नाही, कारण ते काढणाऱ्याला तसे लिहिण्याची गरज वाटत नाही. जे सर्वांत सार्वत्रिक आहे ते दप्तरात सर्वांत कमी नोंदले जाते, ही नोंदींच्या स्वभावातलीच विसंगती आहे. महाविद्यालयीन विशेषांकांच्या मुखपृष्ठांवर आता अशी यंत्रनिर्मित चित्रे सर्रास येऊ लागली आहेत. अशा मुखपृष्ठावरची फेटेधारी 'ग्रामीण' माणसे पाहिली की ग्रामीण साहित्याच्या चळवळीने पुसण्याचा प्रयत्न केलेले साचे नव्या छपाईत परतल्याचे जाणवते.

येथे कोल्हापूरकडे वळणे आवश्यक आहे, आणि ते केवळ स्थानिक अभिमानापोटी नव्हे. यंत्राने घडवलेली प्रतिमा आणि समाज यांचा संबंध या शहराने शंभर वर्षांपूर्वी हाताळलेला आहे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आतेमामे भाऊ चलच्चित्राच्या यंत्राने झपाटले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले; दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी कॅमेऱ्याचे काम तडीस नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' (१९२०) हा पौराणिक कथेवरचा मूकपट होता. मात्र १९२५ चा 'सावकारी पाश' हा थेट समकालीन समाजात उतरला. कथा नारायण हरी आपटे यांची. (हरी नारायण आणि नारायण हरी या दोन आपट्यांची गल्लत विद्यार्थी दरवर्षी करतात.) सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून गिरणीत मजुरी करायला शहरात जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. त्यातील अंधारलेल्या झोपडीच्या आणि भुंकणाऱ्या कुत्र्याच्या दृश्याचा ठसा जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला होता.

बाबूरावांचा कॅमेरा तरी आरसा होता काय? त्याच्यासमोर निदान झोपडी होती. परंतु ती कोणत्या प्रकाशात दिसावी हे पडदे रंगवून तयार झालेल्या डोळ्याने ठरवले होते. यंत्र बाबूरावांनी स्वतः जोडलेले होते. त्याचा प्रत्येक स्क्रू त्यांना ठाऊक होता. आज यंत्र वापरणारा कलावंत त्याच्या आतल्या दप्तरापासून तुटलेला असतो, आणि म्हणून ते दप्तर उघडून दाखवणे हेच कलेचे एक कार्य होऊन बसते. दुर्दैव असे की 'सावकारी पाश'चा तो मूकपट आज पाहता येत नाही. भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी अगदी थोडे शिल्लक आहेत. यंत्राच्या दप्तरात १९२५ च्या दख्खनी शेतकऱ्याची ही दृश्ये असणार नाहीत. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी आणि प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे मात्र असतील.

'सावकारी पाश'च्या विषयामागे आणखी एक घटना उभी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे, खतावण्या हिसकावून जाळल्या गेल्या. निरक्षर शेतकऱ्यांना कागदाचे सामर्थ्य साक्षरांपेक्षा अधिक नेमके कळले होते. आपल्याविषयी, आपल्या अंगठ्यानिशी, पण आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीत जे लिहिले गेले आहे, तेच न्यायालयात सत्य ठरणार आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यातील महत्त्वाची तरतूद अशी की न्यायालयाने केवळ रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा. रोख्याच्या मागे जाण्याची ही मुभा होती. क्रॉफर्ड-पॅग्लेन यांच्या प्रदर्शनाने चित्राच्या बाबतीत हेच केले. यंत्रबुद्धीविषयीच्या कलेचे मूल्यमापन करायचे तर ती रोख्याच्या मागे जाते की रोख्यावरच्या नक्षीतच रमते, ही कसोटी पुरेशी बोलकी ठरेल.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला रूपवाद्यांचा. दप्तराची चिकित्सा हे समाजशास्त्राचे काम. त्याने कलाकृतीला कलामूल्य कसे प्राप्त होते? या आक्षेपाला 'इमेजनेट रूलेट'चे उदाहरण देऊन उत्तर देता येणार नाही, कारण ते काम अहवालाच्या जवळ जाते. उत्तर मिळते ते अॅना रिडलर यांच्या 'मिरियड (ट्यूलिप्स)' (२०१८) या कामात. यंत्राला शिकवण्यासाठी आयते चित्रसंग्रह न वापरता त्यांनी नेदरलँड्समध्ये एका हंगामात ट्यूलिपच्या फुलांची सुमारे १० हजार छायाचित्रे स्वतः काढली आणि प्रत्येकाखाली फुलाचा रंग, त्याची अवस्था, त्यावरचे पट्टे यांची नोंद स्वतःच्या हाताने लिहिली. ही छायाचित्रे नोंदींसकट भिंतीवर लावली की ती एका विशाल विणकामासारखी दिसतात. हे फूल पांढरे म्हणावे की फिके गुलाबी, असा संभ्रम दहा हजार वेळा सोसलेला हात तिथे दिसतो. एकीकडे फुलांचे अखंड साम्य आणि दुसरीकडे हस्ताक्षराची डळमळ. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद आणि विरोध या दोन्ही लयी येथे एकाच मांडणीत आहेत. दप्तर हाच येथे आकृतिबंध झाला आहे. रूप आणि आशय यांचे द्वैत मानणाऱ्यांनी या कामासमोर थोडा वेळ थांबायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. दप्तर सदोष असेल तर ते दुरुस्त करावे, म्हणजे आरसा स्वच्छ होईल. दुरुस्ती आवश्यक आहे यात शंका नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी यंत्रणांची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शेकडा एकहून कमी होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती शेकडा ३४.७ पर्यंत जात होती. अशा ठिकाणी अधिक आणि समतोल नोंदी जमवणे हाच उपाय. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या 'जेमिनी' या यंत्रणेने दुसऱ्या टोकाची फजिती अनुभवली. चित्रांत विविधता यावी म्हणून दिलेल्या आतल्या सूचनांमुळे १९४३ च्या जर्मन सैनिकांच्या चित्रांतही काळे आणि आशियाई चेहरे उमटले आणि माणसांची चित्रे काढणे काही काळ थांबवावे लागले. पक्षपाती नोंदीवर वरून रंग चढवला की भूतकाळ खोटा होतो. ज्यांनी अन्याय केला त्यांचीही सुटका होते, आणि ज्यांनी सोसला त्यांचीही नोंद पुसली जाते.

या पेचातून वाट कशी निघते हे पाहण्यासाठी पुन्हा करवीर संस्थानाचे उदाहरण घ्यावे लागते. १८९४ मध्ये शाहू छत्रपतींनी अधिकारसूत्रे हाती घेतली तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी केवळ १० ब्राह्मणेतरांकडे होत्या. या नोंदीवर आजचे यंत्र पोसले असते आणि त्याला 'करवीर संस्थानचा अधिकारी' काढण्यास सांगितले असते, तर त्याने काढलेले चित्र अचूक ठरले असते. आरशाच्या युक्तिवादाप्रमाणे विषय तिथेच संपतो. शाहूंना मात्र त्या अचूकतेतच प्रश्न दिसला. जे आहे ते पुढेही असावे असा दाखला नोंद देऊ शकत नाही, हे त्यांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशामागील गृहीतक आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असे त्या आदेशाने ठरवले. आणि खातेप्रमुखांनी नव्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे, असेही बजावले. हा दुसरा भाग फारसा उद्धृत होत नाही. शाहूंनी १८९४ ची नोंद खोडली नाही, तिच्यावर रंगही चढवला नाही. त्यांनी राजपत्रातून, उघडपणे, कारण देऊन नवा नियम केला आणि नवे दप्तर सुरू केले. 'जेमिनी'च्या आतल्या सूचना वापरणाऱ्याला दिसत नव्हत्या. १९०२ चा आदेश ज्यांना बोचला त्यांनाही तो वाचता येत होता, त्याविरुद्ध बोलता येत होते. हा भेद मूलभूत आहे. भूतकाळाच्या नोंदींवर भविष्य बेतण्याचा धोका अॅमेझॉन कंपनीच्या नोकरभरतीच्या यंत्रणेतही दिसला होता; आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकलेली ती यंत्रणा स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत होती आणि म्हणून ती सोडून द्यावी लागल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. संस्थानी कोल्हापूरच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात नवे काही वाटू नये.

शीर्षकातील 'दप्तर' या शब्दाला अलीकडे आणखी एक संदर्भ येऊन चिकटला आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथेच, प्राडा कंपनीच्या पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दिसली. त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल एवढेच होते. कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. पुढच्या करारमदारांचा तपशील येथे प्रस्तुत नाही. योगायोग असा की याच कंपनीशी निगडित कलासंस्थेने २०१९ मध्ये 'ट्रेनिंग ह्यूमन्स' या प्रदर्शनाला जागा दिली होती. माणसांच्या छायाचित्रांखालची नामे कोणी लिहिली, असा प्रश्न ज्या छत्राखाली विचारला गेला, त्याच छत्राखाली सहा वर्षांनी एका वस्तूखालचे नाम गळाले. यात ढोंग शोधण्यापेक्षा, नाम गाळणे किती सहज घडते हे लक्षात घेणे अधिक उपयुक्त. यंत्राच्या दप्तरात तर हे रोज, कोणाच्याही हेतूवाचून, घडते. चप्पल, वहाण, पायताण, जोडा या शब्दांत वापराचे, जातीचे, अंतराचे, अगदी शिवीचेही जे भेद मराठीत आहेत, ते सारे एका इंग्रजी नामात विरून जातात. आणि चामडे कमावणाऱ्या, वेणी घालणाऱ्या हातांचे नाव मराठीतही कोठे लिहिलेले होते? भौगोलिक मानांकन जागेला नाव देते, कारागिराला देत नाही. तक्रार मिलानपाशी संपत नाही ती यामुळे.

मराठी विभागांचा या साऱ्याशी संबंध कोठे येतो? केंद्र शासनाच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' प्रकल्पात नागरिकांकडून भारतीय भाषांतील आवाज, मजकूर, भाषांतरे मागितली जात आहेत. मराठीचे दप्तर आता लिहिले जात आहे. ते कोण लिहीत आहे, कोणत्या मराठीत, कोणत्या कोशाच्या आधारे, याची चर्चा मराठीच्या चर्चासत्रांत अपवादानेच ऐकू येते. शेतात भांगलण करणाऱ्या बाईच्या छायाचित्राखाली 'शेतकरी' लिहायचे, 'शेतकरीण' लिहायचे, 'मजूर' लिहायचे की नुसते 'स्त्री'? सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल तर दप्तराच्या भाषेत ती शेतकरी ठरत नाही. बोलीच्या भाषेत ठरते. स्त्रीवादी समीक्षेने, दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राने, बोलींच्या अभ्यासाने हीच तर चर्चा गेली कित्येक दशके केली. ती एका छायाचित्राखालच्या एका शब्दापर्यंत नेऊन पोचवणे तेवढे राहिले आहे.

याचा एक नमुना मराठीत उपलब्धही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात टप्प्याटप्प्याने खुला होत आहे. त्यातील नोंदींत ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिलेले असते. संकलनाच्या शास्त्रात ही प्राथमिक गोष्ट समजली जाते, पण ५८५ कोटींच्या त्या दप्तरात तिला जागा नाही. स्टेफनी डिंकिन्स या आफ्रिकी-अमेरिकी कलावतीने 'नॉट द ओन्ली वन' (२०१८) या कामासाठी आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांच्या मौखिक आठवणींवर एक छोटे यंत्र पोसले. अशा अपुऱ्या सामग्रीवर शिकल्यामुळे ते पुष्कळदा अडखळते, विसंगत बोलते. कलावतीने ते तसेच ठेवले. ओव्यांच्या संग्रहावर असे काही करावे काय, करायचे तर गाणाऱ्या बायांची किंवा त्यांच्या लेकीबाळींची संमती कशी घ्यावी, आणि यंत्र जी नवी ओवी रचील तिच्याखाली कोणाचे नाव लिहावे, हे प्रश्न संगणकशास्त्राच्या विभागात विचारले जातील अशी अपेक्षा धरता येत नाही. कोल्हापुरातील कलाशाळांत अजूनही समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र काढण्याचा सराव होतो; आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली ती रीत आहे. कलाशाळेतील विद्यार्थ्याने काढलेले चित्र आणि मराठीच्या विद्यार्थ्याने त्या बसणाऱ्या माणसाला विचारून त्याखाली लिहिलेल्या चार ओळी, असा एम. ए.चा एखादा प्रकल्प व्हायला हरकत नसावी. आपल्याला काय म्हणून नोंदवावे, हे त्या माणसाला निदान एकदा विचारले गेलेले असेल.